अथेन्सचा अगोरा
अथेन्स नगरीचा ‘अगोरा’, म्हणजे लोकांनी एकत्र जमण्याचा चौक, ही केवळ बाजारपेठ नव्हती. एकीकडे मासळीची विक्री चाले, तर जवळच्याच सभागृहात चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या ५०० नागरिकांचे मंडळ नगरसभेपुढील विषय ठरवीत असे. या चौकाचे खरे मर्म मात्र त्याच्या सीमेवर उमगते. इ. स. पू. ५०० च्या सुमारास रोवलेल्या तेथील संगमरवरी दगडांवर, जणू दगडच बोलत असावा अशा शब्दांत, ‘मी अगोराची सीमा आहे’ असे कोरलेले असून, प्रवेशापाशी शुद्धीसाठी जलपात्रे असत आणि आईवडिलांचा छळ केल्याबद्दल दोषी ठरलेल्यास आत येण्यास मनाई होती. आतील बारा देवतांची वेदी शरणागताला अभय देई. नगरापासूनची अंतरेही तिथूनच मोजली जात.