शंखातले बिऱ्हाड

समुद्रकाठी एखादा शंख तुरुतुरु चालताना तुम्ही पाहिला असेल. शंख कुठे चालतो होय? आत एक खेकडा असतो. इंग्रजीत त्याला हर्मिट, म्हणजे संन्यासी, खेकडा म्हणतात. याचे पोट मऊ असते. ते झाकायला तो समुद्रातल्या मेलेल्या गोगलगाईचा रिकामा शंख घेतो.

आम्ही काचेच्या पेटीत असे तीन खेकडे पाळले. एका लिटर पाण्याला सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ घातले. पाणी आटते, पण मीठ मागे राहते. म्हणून वरून गोडेच पाणी घालायचे, हे आम्हांला ठाऊक होते. पण एक गोष्ट ध्यानात आली नाही. खेकडा वाढतो, शंख वाढत नाही! जास्तीचे शंख आम्ही ठेवलेच नव्हते.

एके सकाळी पाहतो तो काय! एकाला शंख अपुरा झाला होता. त्याने दुसऱ्याला शंखातून ओढून काढले. त्या झटापटीत दुसरा मेला. चूक खेकड्याची नव्हे, आमची होती.

आता आम्ही थोडे मोठे, रिकामे शंख पेटीत ठेवतो. खेकडा शंख उलटसुलट करून चाचपतो. पसंत पडला की झटकन बिऱ्हाड हलवतो. भांडण नाही, तंटा नाही.

तेव्हा जीव पाळायचा तर नुसते अन्नपाणी पुरत नाही. त्याला वाढायलाही जागा द्यावी लागते. आणि हो, किनाऱ्यावरचे शंख पिशव्या भरभरून आणू नका. तुमची ती शोभा, पण कुणाचे तरी ते उद्याचे घर आहे.