खोडकर नायक आणि आपली मुलं

खोडकर पोराची गोष्ट वाचून आपलं पोरही वांड होईल, अशी धास्ती पुष्कळ आईवडिलांना वाटते. बारामती-इंदापूरकडच्या माणसांना तरी ती वाटू नये. आपल्याकडे गावोगाव सप्ताह बसतो आणि शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं. बुवा कृष्णाच्या खोड्या रंगवून सांगतात: शिंकं फोडलं, लोणी पळवलं, वर यशोदेपुढं कानावर हात. पुढच्या रांगेत पोरंच असतात, आणि शेजारी बसलेल्या आजीला हसू आवरत नाही. बारामतीत राहून ज्यांनी आयुष्यभर काव्य रचलं, त्या मोरोपंतांनीही ‘कृष्णविजया’त हाच बाळकृष्ण गायला. पंत 1794 मध्ये गेले. तेव्हापासून किती पिढ्या या लोणीचोरीच्या कथांवर वाढल्या, आणि चांगल्या वाढल्या.

गोष्टीचा परिणाम होतच नाही, असं मी म्हणणार नाही. होतो. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आपल्याच जिल्ह्यातल्या फुरसुंगीचा. तो वाचला की पोर चार दिवस त्याच्यासारखं ‘टॉक’ करत सायकल दामटतं. ते चार दिवस सरतात. मागं राहतं ते कुतूहल, आणि कुणी अडचणीत दिसलं तर पुढं होण्याची हिंमत. दिलीप प्रभावळकरांचा बोक्या सातबंडे तर आधी आकाशवाणीवर आला, मग पुस्तकात. त्याच्या उचापतींमागं कुणाचं तरी भलं करायची धडपड असते. ती आठ-नऊ वर्षांच्या मुलाला बरोबर दिसते. आपण मोठी माणसं नुसती खोडीच बघतो.

काळजी करायचीच तर उन्हाळ्यात नीरा डाव्या कालव्यात पुलावरून उड्या टाकणाऱ्या पोरांची करावी. ती उडी पुस्तकातून येत नाही; थोरल्या पोरांचं बघून येते. तिथं लक्ष ठेवणारं आणि नीट पोहायला शिकवणारं जाणतं माणूस हवं. घरातलं पुस्तक काढून घेतल्यानं ते पाणी उथळ होत नाही.

शिक्षकांना माझी विनंती आहे. फाटतील म्हणून गोष्टींची पुस्तकं कपाटात कुलूपबंद ठेवू नका. सुट्टी लागायच्या आधी प्रत्येक मुलाला दोन-दोन घरी न्यायला द्या. आणि पालकहो, पोरानं खोडी काढलीच, तर तिचं खापर बोक्यावर फोडू नका.