ओक पार्क : घाबरून न उठलेले गाव

(संस्थेच्या सुवर्णमहोत्सवी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली, तेव्हा मी चिटणिसांना म्हटले की, संस्थेचा इतिहास सांगणारी वडील मंडळी येथे पुष्कळ आहेत. मी आपला एका दूरच्या गावाची हकीकत सांगतो. ती ऐकून झाल्यावर मी आपल्याजवळ एक मागणे मागणार आहे, हे मात्र आधीच सांगून ठेवतो.

माझी मुलगी व जावई अमेरिकेत शिकागो शहराच्या पश्चिमेस ओक पार्क येथे राहतात. त्यांच्याकडे चार महिने राहण्याचा योग आला. शिकागोच्या मध्यवस्तीपासून हे गाव आठ-नऊ मैलांवर. उंच खांबांवरून धावणाऱ्या गाडीत बसले की अर्ध्या तासात पोचावे. सरकारदरबारी त्याची नोंद 'व्हिलेज', म्हणजे खेडे, अशी आहे. पण २०२० च्या शिरगणतीप्रमाणे या खेड्याची लोकसंख्या ५४,५८३ भरते आणि क्षेत्रफळ जेमतेम पावणेपाच चौरस मैल!

१८७१ साली शिकागोत भयंकर आग लागली, त्यानंतर पुष्कळ सुखवस्तू कुटुंबे इकडे येऊन राहिली. १९०२ साली गावाने आपला कारभार स्वतंत्र केला. लोक मोठे सोवळे. गावात दारूची विक्री १९७३ पर्यंत बंद होती. विख्यात वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट याने १८८९ साली येथे आपले घर बांधले आणि पुढील वीस वर्षांत गावात इमारतींमागून इमारती उभ्या केल्या. त्याने बांधलेले 'युनिटी टेंपल' हे काँक्रीटचे प्रार्थनामंदिर २०१९ साली जागतिक वारशाच्या यादीत गेले. कादंबरीकार अर्नेस्ट हेमिंग्वे याचा जन्मही याच गावी, १८९९ सालचा.

त्याच १८९९ साली दक्षिणेतील अलाबामा राज्यात आणखी एक मूल जन्मास आले. त्याचे नाव पर्सी ज्युलियन. आजोबा गुलामगिरीत जन्मलेले. नातू रसायनशास्त्रज्ञ झाला. काचबिंदूवर उपयोगी पडणारे फायसोस्टिग्मीन हे द्रव्य त्याने १९३५ साली प्रयोगशाळेत तयार करून दाखविले. पुढे सोयाबीनपासून संप्रेरके मोठ्या प्रमाणावर बनविण्याची वाट काढली. १९५० साली शिकागोच्या एका वृत्तपत्राने त्याला वर्षाचा श्रेष्ठ नागरिक म्हणून गौरविले. त्याच वर्षी त्याने ओक पार्कमध्ये घर विकत घेतले. गाव तेव्हा जवळजवळ सगळे गोऱ्यांचे.

कुटुंब राहावयास येण्यापूर्वीच, नोव्हेंबरात, घर पेटवून देण्याचा प्रयत्न झाला. १९५१ च्या जूनमध्ये, आईबाप गावी नसताना, मुलांच्या झोपण्याच्या खोलीलगत सुरुंगाची कांडी फेकण्यात आली. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्यानंतर कित्येक रात्री बाप-लेकांनी बंदूक घेऊन घराभोवती पहारा केला. काही शेजारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. ज्युलियन कुटुंबाने घर सोडले नाही. सद्गृहस्थहो, या गावाची खरी कथा येथून सुरू होते.

गावाच्या पूर्व सीमेवर ऑस्टिन बुलेव्हार्ड नावाचा रस्ता आहे. अलीकडे ओक पार्क, पलीकडे शिकागोचा ऑस्टिन हा विभाग. मी तेथे अनेकदा फिरावयास गेलो. दोन्ही बाजूंना त्याच जातीच्या विटांच्या इमारती, तशीच झाडे. पण १९६० साली जवळजवळ पूर्णपणे गोरा असलेला तो ऑस्टिन विभाग १९८० पर्यंत सुमारे तीनचतुर्थांश कृष्णवर्णीय झाला. हे आपोआप घडले नाही. घरांचे दलाल गोऱ्या मालकांच्या दारी जात आणि 'वस्ती बदलते आहे, आज विका, उद्या भाव मिळणार नाही' असे कानात सांगत. घाबरलेल्याकडून घर स्वस्तात घ्यावयाचे आणि ज्याला दुसरीकडे कोणी घर देत नाही अशा कृष्णवर्णीयाला ते चढ्या भावाने विकावयाचे. त्यातच १९३४ पासूनचे सरकारी गृहकर्जाचे धोरण मिश्र वस्तीला धोक्याची वस्ती समजत आले होते. म्हणजे भीतीला सरकारी शिक्काही मिळालेला!

हीच लाट रस्ता ओलांडून येणार हे ओक पार्ककरांना स्पष्ट दिसत होते. पळावे, की वेशीवर भिंत बांधावी? त्यांनी तिसरी वाट धरली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर महिन्याभरात, मे १९६८ मध्ये, गावाने आपला स्वतःचा कायदा केला की, वर्ण वा धर्म पाहून कोणाला घर नाकारता येणार नाही. १९७२ साली रॉबर्टा रेमंड या बाईंनी 'हाउसिंग सेंटर' काढले. भाड्याने घर शोधणाऱ्यास तेथे फुकट मार्गदर्शन मिळे. गोरा आला तर त्याला पूर्वेकडील इमारतीही दाखवावयाच्या; कृष्णवर्णीय आला तर गावभर सर्वत्र दाखवावयाच्या. हेतू हा की, कोणताही एक भाग एकाच वर्णाचा होऊ नये.

गावपंचायतीने आपली नवी कचेरी १९७५ साली मुद्दाम पूर्वेच्या बाजूस नेली, जणू सांगितले की आम्ही येथून हलणार नाही. १९७८ च्या सुमारास तर घरमालकांसाठी एक हमी योजना निघाली: पाच वर्षांनी घर विकताना भाव पडून तोटा आला, तर त्यातील ८० टक्के गाव भरून देईल. या योजनेतून कोणालाही भरपाई देण्याची पाळी आली नाही. हमी मिळताच भीतीच ओसरली.

१९७० साली कृष्णवर्णीयांचे प्रमाण शेकडा एकाहूनही कमी होते. १९८० मध्ये ते ११ च्या आसपास गेले आणि पुढे पाचव्या हिश्शाच्या जवळपास स्थिर झाले. ज्या मुलांच्या खोलीवर सुरुंग फेकला गेला, त्यांच्या वडिलांचे नाव आज गावातील एका शाळेला आहे.

हा स्वर्ग आहे असे मात्र समजू नका. घरे महाग झाली आहेत, कर जबर आहेत, आणि शाळांतून गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या यशात अजून अंतर आहे. वर्ण मोजून घरे दाखविणे योग्य की अयोग्य, यावरही वाद झाले. आणि रस्त्यापलीकडचा ऑस्टिन विभाग आजही गरिबीशी झगडतो आहे. एका गावाच्या शहाणपणाने शेजारच्या वस्तीचे दुःख फिटले नाही.

आता माझ्या घरची गोष्ट. मी सातवीत होतो. बडोद्यातील आमच्या राहत्या घराच्या ओटीवर एक दलाल येऊन बसला आणि सुपारी कातरीत वडिलांना म्हणाला, "काका, गल्लीत परकी माणसे येताहेत. दिवाळीनंतर हा भाव राहायचा नाही." वडील भित्रे नव्हते, पण शेजारचे दोघे विकून गेले होते. महिन्याभरात त्यांनी घर दिले. दलालाने तेच घर जवळजवळ दीडपटीने पुढे विकले. आई शेवटपर्यंत अंगणातल्या तुळशीवृंदावनाची आठवण काढीत असे. ज्यांची भीती घातली गेली ती 'परकी' मंडळी आजही तेथे सुखाने नांदत आहेत. मागे गेलो तेव्हा त्यांनी आग्रहाने चहा पाजला आणि वृंदावन जागच्या जागी असल्याचे दाखविले. रोज पाणी घालतात.

ऑस्टिन बुलेव्हार्डवर उभा असताना मला ती ओटी आठवली. वडिलांना त्या दिवशी जे कोणी दिले नाही, ते ओक पार्कने आपल्या माणसांना दिले : 'तुम्ही थांबा, आम्हीही थांबतो' असे म्हणणारी संस्था.

आपली संस्था तशी होऊ शकेल. आपल्याजवळ कार्यालय आहे, कपाट आहे, पन्नास वर्षांचा विश्वास आहे. माझे मागणे दोन कलमांचे आहे. पहिले, घर विकण्याच्या वा भाड्याने देण्याच्या विचारात असलेल्या सभासदाने दलालाकडे जाण्यापूर्वी येऊन विचारावे, अशी एक नोंदवही संस्थेत ठेवावी. खरा भाव काय, कोण शेजारी राहणार आहे, हे त्याला कळावे. दुसरे कलम काहींना कडू लागेल. संस्थेच्या इमारतीतील रिकाम्या खोल्यांसाठी अर्ज घेताना आपण आडनाव पाहतो. ते पाहणे आता सोडावे. ज्यांच्या वाडवडिलांना परगावी येऊन घर मागावे लागले, त्यांच्या वंशजांनी दाराशी आलेल्याचे आडनाव विचारू नये.

ठराव आजच व्हावा असा माझा हट्ट नाही. विश्वस्तांनी पुढील सभेत विचार करावा.  संस्थेला शतकमहोत्सव लाभो, एवढी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.