घर्षणाचा आधार

भावाभावांत बेबनाव झाला की ‘घरात घर्षण सुरू झाले’ असे म्हणण्याची रीत आहे. पदार्थविज्ञानातील एका निरुपद्रवी शब्दाला व्यवहारात अशी अपकीर्ती लाभली. यंत्रशाळेतही घर्षण म्हणजे झीज, उष्णता आणि वंगणाचा खर्च. परंतु पाट्यावर चटणी वाटणाऱ्या गृहिणीचा अनुभव निराळा आहे. पाटा गुळगुळीत झाला की वरवंटा नुसता सरकतो, चटणी काही बारीक होत नाही. मग तिला पाटा टाकवून, म्हणजे टाकीने त्यावर पुन्हा खाचा पाडून घ्याव्या लागतात. खडबडीतपणा पैसे मोजून घेण्याचा हा व्यवहार पुष्कळ जुना आहे.

चालणाऱ्याचे पाऊल जमिनीस मागे रेटते, म्हणून तो पुढे जातो. शेवाळलेल्या अंगणात हा आधार सुटतो. भिंतीतला खिळा, दोरीची गाठ, इतकेच काय, वस्त्रातील धागेही घर्षणामुळेच जागच्या जागी राहतात.

याचे सामर्थ्य पाहावयाचे तर मांडवीच्या काठी होडी बांधणाऱ्या नावाड्याकडे पाहावे. तो दोराचे दोन-तीन वेढे खुंटाभोवती घेतो आणि दोराचे टोक सहज हातात धरून उभा राहतो. घर्षणांक ०.३ धरला तर एका वेढ्याने हाताचे बळ सुमारे साडेसहापट होते, दोन वेढ्यांनी चाळीसपटीहून अधिक आणि तीन वेढ्यांनी जवळजवळ २८५ पट. येथे प्रत्येक वेढा मागच्या बळात भर घालीत नाही, त्यास गुणतो.

फ्रान्समधील रोशफोर येथील गोदीत कूलाँ या अभियंत्याने दोरांवर आणि घसरणाऱ्या लाकडांवर प्रयोग केले. त्याच्या निबंधास १७८१ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीचे पारितोषिक मिळाले. स्थिर वस्तू हलविण्यास जितके बळ लागते, त्याहून कमी बळ ती सरकत ठेवण्यास पुरते, हा नियम त्यात तपासलेला आहे. जड कपाट ढकलणाऱ्या हमालास तो न वाचताच ठाऊक असतो.

मोटार चालविणाऱ्याचा जीव मात्र या नियमावर अवलंबून असतो. फिरत्या चाकाचा जो भाग रस्त्यास टेकतो, तो त्या क्षणी घसरत नसतो. ब्रेक करकचून दाबला आणि चाक अडकले की रबर घसरू लागते, पकड कमी होते आणि सुकाणू फिरवूनही गाडी वळत नाही. चाक अडकू न देणारी ब्रेकची योजना १२५ घनसेंटिमीटरहून मोठ्या इंजिनाच्या नव्या दुचाकींना २०१९ पासून सक्तीची झाली, ती याच कारणाने.

कोरड्या रस्त्यावर घर्षणांक ०.७ असला तर ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी ब्रेक लागल्यावर सुमारे २० मीटरांत थांबते. पावसाने तो ०.४ वर आला तर ३५ मीटर लागतात. वेग निम्मा केला की दोन्ही अंतरे चौथाईवर येतात. मृगाच्या पहिल्या सरीत तर धूळ, सांडलेले तेल आणि पाणी यांचा चिखल रस्त्यावर पसरतो. धो-धो पावसापेक्षा ही पहिली सर फसवी.

घाट उतरताना आणखी एक संकट असते. दहा टनांची मालमोटार पाचशे मीटर खाली आली की तिच्या उतरण्यातून सुमारे दीडशे लिटर पाणी उकळीस आणण्याइतकी उष्णता निर्माण होते. ती सर्व ब्रेकवर पडली तर ब्रेकचे अस्तर तापून त्याची पकडच जाते. म्हणून बेळगावहून चोर्ला घाटाने गोव्यात उतरणारा जाणता चालक चढावरचाच खालचा गिअर उतारावरही ठेवतो आणि इंजिनास गाडी आवरू देतो. करपट वास आलाच, तर जागा पाहून तो गाडी कडेस घेतो, चाकांना दगड लावतो आणि ब्रेक निवेपर्यंत पुढे निघत नाही.