रागाची इंग्रजी बाराखडी

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सचिवांनी मला बजावलं आहे, ‘काका, दहा मिनिटं, आणि काहीतरी हलकंफुलकं बोला.’ पंचवीस वर्षे एका आवारात राहिलेल्या माणसांच्या सर्वांत जवळचा विषय कोणता, याचा मी विचार केला. उत्तर सोपं होतं : राग. पार्किंग, पाण्याची वेळ, गॅलरीतल्या कुंड्या, गच्चीची किल्ली. प्रत्येकाला आपापलं काहीतरी आठवलं असेल!

आता तुम्ही म्हणाल, मग इंग्रजी शब्द कशाला? तर हल्ली आपण घरात मराठीत भांडतो, पण सोसायटीच्या ग्रुपवर आणि कमिटीला लिहिलेल्या पत्रात इंग्रजीत भांडतो. माझी निम्मी नोकरी बँकेत ग्राहकांची इंग्रजी तक्रारपत्रं वाचण्यात गेली. त्यातून एक गोष्ट शिकलो. इंग्रजीत रागाला मापं आहेत, आणि लिहिणारा बहुतेक वेळा एक नंबर मोठं माप उचलतो.

मापं अशी. ‘अनॉइड’ म्हणजे जरा वैताग. ‘इरिटेटेड’ म्हणजे चिडचिड. ‘अँग्री’ म्हणजे सरळ राग. ‘फ्युरिअस’ म्हणजे संताप, जमदग्नीचा अवतार. याच शब्दाच्या कुळातल्या फ्युरी म्हणजे रोमन पुराणातल्या अपराध्याचा पिच्छा पुरवणाऱ्या देवता. तेव्हा दारासमोर चपला दिसल्या म्हणून कोणी फ्युरिअस होऊ नये. तिथे अनॉइड पुरेसा आहे. आपल्या उपविधींतही, सभासदाने इतरांना ‘न्यूसन्स’ किंवा ‘अनॉयन्स’ होईल असं वागू नये, एवढंच म्हटलं आहे.

काही शब्द स्वभावाचे आहेत. ‘ग्रम्पी’ म्हणजे कुरकुऱ्या. हिमगौरीच्या सात बुटक्यांपैकी एकाचं नावच ते, मुलांना माहीत असेल. ‘शॉर्ट-टेम्पर्ड’ म्हणजे शीघ्रकोपी. ‘सल्की’ म्हणजे फुगून बसणारा. ‘सलन’ म्हणजे घुम्या. या शब्दाचं मूळ ‘एकटा’ या अर्थाच्या शब्दात आहे. घुमा माणूस शेवटी एकटाच पडतो, हे शब्दानेच सांगून ठेवलंय. ‘मॅड’ मात्र जपून वापरा. अमेरिकेतला नातू ‘आजोबा, आर यू मॅड?’ असं विचारतो, तेव्हा तो फक्त ‘रागावलात का’ एवढंच विचारत असतो. इंग्लंडमध्ये त्याचा अर्थ वेगळा होईल!

‘टेम्पर’चं मूळ लॅटिनमध्ये आहे. योग्य प्रमाणात मिसळणं, असा त्याचा अर्थ. जुन्या युरोपीय वैद्यकात शरीरात चार रस मानत, आणि त्यांचं मिश्रण बिघडलं की स्वभाव बिघडला असं समजत. रागीट माणसाला ‘कॉलरिक’ म्हणत, म्हणजे पित्त वाढलेला. आपण वेगळं काय म्हणतो? ‘त्याचं पित्त खवळलं.’ ‘ह्यूमर’ म्हणजेही मुळात शरीरातला रस; विनोद हा अर्थ नंतर आला. म्हणून ‘बॅड ह्यूमर’ म्हणजे वाईट विनोद नव्हे, बिघडलेली मनःस्थिती.

आता जरा महत्त्वाचं. काही वर्षांपूर्वीची गोष्ट, विंग सांगत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी खालच्या घरात झिरपत होतं. खालचा तरुण मुलगा पत्राचा मसुदा घेऊन माझ्याकडे आला. ‘काका, इंग्रजी तपासून द्या.’ पहिलंच वाक्य होतं, ‘वुई आर आउटरेज्ड.’ मी त्याला सांगितलं, या शब्दात ‘आउट’ही नाही आणि ‘रेज’ही नाही. जुन्या फ्रेंचमधून आलेला हा शब्द आहे. अर्थ, मर्यादा ओलांडणं. वरच्यांनी मर्यादा ओलांडली, असं तुला म्हणायचंय का? तो गप्प झाला. मग म्हणाला, ‘तसं नाही हो. बाबांना दमा आहे. त्यांच्या पलंगामागची भिंत ओली झालीय. रात्र रात्र खोकतात. मला काळजी वाटते.’ म्हटलं, मग तेच लिही : ‘वुई आर वरीड.’

त्याने तसं लिहिलं. दुसऱ्या दिवशी वरच्या वहिनी स्वतः खाली येऊन ती भिंत बघून गेल्या. दम्याचं त्यांना ठाऊकच नव्हतं. काम व्हायला दीड महिना लागला, खर्चावरून घासाघीसही झाली. पण प्रकरण रजिस्ट्रारच्या कचेरीपर्यंत गेलं नाही, आणि दोन्ही घरांचं बोलणं चालू राहिलं.

‘अँगर’ शब्दाचा इतिहासही हेच सांगतो. तो इंग्रजीत आला उत्तर युरोपातल्या जुन्या नॉर्स भाषेतून, आणि तिथे त्याचा अर्थ होता दुःख, क्लेश. त्याहून मागे गेलं तर मूळ धातू ‘आवळणं, कोंडणं’ अशा अर्थाचा. ‘अँग्झायटी’ त्याच कुळातली. ऋग्वेदातला ‘अंहस्’ म्हणजे संकट, कोंडी, हाही त्याच घराण्यातला. म्हणजे रागाच्या आत कुठेतरी जीव कोंडलेला असतो.

माझ्या वयाच्या मंडळींसाठी एक शब्द राखून ठेवलाय : ‘क्रँकी’. ‘आजोबा हल्ली फार क्रँकी झालेत’ असं म्हणून मुलं मोकळी होतात. पण मधुमेह असलेल्याची साखर अचानक उतरली तरी चिडचिड होते. ऐकू कमी येतं, गुडघा दुखतो, झोप नाही, त्यानेही होते. म्हातारपणातलं नैराश्यसुद्धा पुष्कळदा रडण्याऐवजी खेकसण्यातून दिसतं. तेव्हा घरातलं माणूस एकाएकी तिरसट झालं तर ‘स्वभावच तसा’ म्हणून सोडून देऊ नका. साखर तपासा, कान तपासा, आणि शेजारी बसून विचारा, ‘काय होतंय?’

शेवटचा शब्द ‘रिझेंटमेंट’, आपली अढी. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ ‘पुन्हा जाणवणं’. झालं गेलं विसरायचं ठरवलं, तरी लिफ्टमध्ये तो माणूस दिसला की पुन्हा तीच कळ येते, ती रिझेंटमेंट. पंचवीस वर्षांत अशा काही अढ्या आपल्या चारही मजल्यांवर साठल्या आहेत. इमारतीला आपण या वर्षी रंग काढला, गच्चीचं वॉटरप्रूफिंग केलं. या अढ्यांचंही काहीतरी करू या. तक्रार जरूर करा, हक्काने करा. पण पत्र लिहिण्याआधी क्षणभर विचार करा, मला नक्की काय झालंय? राग, भीती, दमणूक, की दुःख? जे झालं असेल तोच शब्द लिहा. समोरच्याला उत्तर देणं सोपं जातं.

ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशात 2018 मध्ये ‘हँग्री’ हा शब्द दाखल झाला. ‘हंग्री’ आणि ‘अँग्री’ मिळून झालेला. भुकेने आलेला राग. आचाऱ्यांनी मघाशी जिलबीची परात आत नेलेली मी पाहिली आहे, तेव्हा तुम्हाला त्या अवस्थेला नेण्याचं पाप मी करणार नाही.

सर्वांना रौप्यमहोत्सवाच्या मनःपूर्वक शुभेच्छा.