गोधडी आणि झिगझॅगचे जुने यंत्र
(समाजाच्या महिला व युवक सभेपुढे दिलेले व्याख्यान)



सुईदोरा हा आपल्या शिंपी समाजाचा पिढीजात व्यवसाय. तयार कपड्यांच्या दुकानांनी तो आपल्या हातून बराचसा काढून घेतला आहे, आणि अनेक घरांत जुनी शिवणयंत्रे झाकणाखाली धूळ खात पडली आहेत. भंगारवाला ती लोखंडाच्या भावाने उचलतो. त्यांतील झिगझॅग जातीची यंत्रे तरी आपण जाऊ देऊ नयेत, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे.

साध्या यंत्रात सुई केवळ वरखाली होते; झिगझॅग यंत्रात ती डावीउजवीकडेही झुलते. अशा यंत्राचे पेटंट अमेरिकेतील हेलन ब्लँचर्ड ह्या बाईंनी १८७३ साली मिळविले. घरोघरी ते विसाव्या शतकाच्या मध्यास रुळले. १९५२ सालच्या ‘एल्ना सुपरमॅटिक’ यंत्रात चकती बदलली की नक्षी बदले. चकतीच्या कडेवरील चढउतारच सुईस वळण देत. आपल्याकडील साडीस पिको करणारे यंत्र ह्याच कुळातले होय.

जुने यंत्र जड फिरू लागले म्हणजे ते निकामी झाले असे नव्हे. पुष्कळदा आतील तेल चिकट होऊन गोठलेले असते. बॉबिनजवळचा कचरा काढावा, शिवणयंत्राचेच तेल थोडे थोडे सोडावे आणि चाक हाताने फिरवावे. खोबरेल वा गोडेतेल कधीही घालू नये. ते पुन्हा चिकटते. सुई नवी व जाड, ९० किंवा १०० क्रमांकाची, लावावी.

आता गोधडीकडे वळू. हाताने धावदोरा घालताना आपल्या आयाबहिणी बहुधा कडेकडून आत येतात. यंत्रावर मात्र मधून बाहेर जावे, कारण पायाखाली वरचा थर पुढे सरकतो व चुण्या पडतात. म्हणून आधी वीतवीत अंतरावर कच्चे टाके घालावे, पायाचा दाब कमी करावा आणि टाका सुमारे तीन मिलिमीटरचा ठेवावा. गोधडीची गुंडाळी टेबलावर टेकलेली असावी. लोंबते ओझे सुईस ओढते आणि सुई मोडते.

झिगझॅगचा खरा उपयोग ठिगळांस. सुईचा एक झोका ठिगळाच्या आत व दुसरा कडेच्या जरासा बाहेर पडला, की सूत उसवत नाही. टाक्याची रुंदी तीच ठेवून लांबी अगदी कमी केली, तर तोच टाका भरीव होऊन वेलबुट्टीची कड उमटते. अशा वेळी कापडाखाली पातळ कागद घ्यावा, म्हणजे कापड गोळा होत नाही. शिवण झाल्यावर तो फाडून टाकता येतो. वरच्या दोऱ्याचा ताण किंचित सैल केला की खालचा दोरा वर दिसत नाही.

यंत्राची गोधडी ताठ होते, असा एक आक्षेप आहे. तो खोटा नाही. दाट शिवण घातली तर ती ताठ होणारच. तेव्हा ओळी विरळ घालाव्यात. तान्ह्या बाळाचे दुपटे हातानेच शिवावे. त्याची मऊ ऊब यंत्रास साधत नाही. परंतु रोज वापरावयाच्या, वारंवार धुवावयाच्या गोधडीस यंत्राचा टाका बळकट पडतो. ज्या वृद्ध मातांच्या बोटांत आता सुई ठरत नाही, त्यांच्या ट्रंकेतील लुगडी ह्या यंत्राविना चिंध्याच होतील.

आमची विनंती एवढीच की, ज्यांच्या घरी असे यंत्र आहे त्यांनी ते बाहेर काढावे, आणि ज्या वडीलधाऱ्यांस ते खोलून जोडता येते त्यांनी आठवड्यातून एक दुपार मुलामुलींस द्यावी. यंत्रे अजून दुरुस्त होतील. ती दुरुस्त करणारे हात मात्र दरवर्षी कमी होत आहेत, हे आपण विसरू नये.