उल्हास नदीचं गणित

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत सिव्हिल, मेकॅनिकल किंवा एम.एस्सी. झालेल्या मुलामुलींना घरातून एकच सल्ला मिळतो: आता कॉम्प्युटरचा एखादा कोर्स करून टाक. मी सांगेन, आपला विषय सोडू नका. त्याच विषयाच्या जोरावर संगणकीय विज्ञानाचं पदव्युत्तर शिक्षण घ्या.

हे शिक्षण नेमकं कशाचं? एक उदाहरण घ्या. जुलै २०१९ मध्ये उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीच्या दरम्यान अडकली होती. पाणी किती चढेल हे आधी काढायचं, तर नदी आणि तिचा काठ यांचे संगणकात लहान लहान चौकोन पाडतात. प्रत्येक चौकोनात पाणी किती आलं, किती गेलं, याचा क्षणाक्षणाला हिशेब मांडायचा. खाली खाडीला भरती असली की पाणी मागे तुंबतं, तेही धरायचं. आता शंभर मीटरचा चौकोन पन्नासचा केला की चौकोन चौपट होतात, वेळेचा टप्पाही निम्मा करावा लागतो, म्हणजे काम आठपट! टप्पा मोठाच ठेवला, तर उत्तर भरकटतं. नदीची खोली चक्क उणे येते. चूक कुठे झाली हे कळायला नदी समजावी लागते, गणित यावं लागतं आणि प्रोग्रॅमिंगही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतला 'अर्का' महासंगणक हवामानाची अशीच गणितं करतो.

पुणे विद्यापीठात आणि बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत या विषयाचे स्वतंत्र विभाग आहेत. पवईची आयआयटी तर आपल्या शेजारचीच. तिथे सिव्हिल, मेकॅनिकल, एरोस्पेस या विभागांतही हे काम चालतं. गेट या प्रवेश परीक्षेच्या गुणांवर एम.टेक.ला प्रवेश मिळालेल्यांना साधारणपणे दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. गेटला कोणता पेपर चालतो, हे मात्र प्रत्येक संस्थेच्या माहितीपत्रकात स्वतः वाचा.

गणिताचा मनापासून कंटाळा असेल, तर इकडे येऊ नका, हे स्पष्टच सांगते. आवड असेल तर लिनिअर अल्जेब्रा, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि न्युमेरिकल मेथड्स पुन्हा पक्क्या करा. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिनक्स, पायथन विनामूल्य शिकता येतं, मराठीतूनही धडे आहेत.

पालकांना एक विनंती. महागड्या सर्टिफिकेट कोर्सची फी भरण्याआधी मुलांना यांपैकी एखाद्या विभागात पाठवा. तिथल्या विद्यार्थ्यांना त्यांनी दोनच प्रश्न विचारावेत: प्रकल्प कोणत्या विषयातला मिळतो, आणि मोठ्या संगणकावर काम करायला वेळ किती मिळतो?